सहाव्या नंबरची खाट

सरकारी खाटेवर, खुर्चीवर, अगदी माठाच्या तिवईवरसुद्धा पांढऱ्या रंगानं नंबर का टाकतात, सांगा बरं पोरांनो? चोरीला जाऊ नये म्हणून? अरे, चोराला नंबर वाचायला सवड कुठली! तो नंबर साहेब लोकांसाठी असतो. वस्तूवरचा नंबर आणि वहीतला नंबर जुळला की झालं.

शेषराव आमच्याच ऑफिसात भांडाराचा कारकून होता. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मला विचाराल तर ते जास्त वाईट. चौसष्ट सालच्या एकतीस मार्चला एका खेड्यातल्या दवाखान्यासाठी सहा लोखंडी खाटांचं अनुदान पडून होतं. त्या दिवशी खर्ची पडलं नाही तर परत जाणार. खाटांचा पत्ता नव्हता. मोठे साहेब म्हणाले, "शेषराव, सही मारा. माल काय, एप्रिलात येऊन जाईल." शेषरावनं 'सहा खाटा मोजून मिळाल्या' असं लिहिलं आणि सही ठोकली. एप्रिल गेला, पावसाळा गेला, खाटा काही आल्या नाहीत. साहेब बढतीवर निघून गेले. कागदावर सही उरली ती एकट्या शेषरावची.

डिसेंबरात पडताळणीचा हुकूम आला. मंगळवारी, पंधरा तारखेला, अधिकारी येऊन खाटा मोजणार. कमी भरल्या तर शेषरावची नोकरी जाणार, वर अपहाराचा गुन्हा. घरी बायको, म्हातारी आई, दोन मुली. मग त्यानं तेच केलं जे त्या काळी सगळेच करत. दुसऱ्या दवाखान्यातून खाटा उसन्या आणायच्या, जुने नंबर काचकागदानं घासून नवे टाकायचे, आणि साहेब गेले की परत पोचत्या करायच्या.

सोमवारी संध्याकाळी तो रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन निघाला. मलकापूरहून वडनेर भोलजीकडे जाताना उजव्या हाताला एक गाडीवाट फुटते, तिच्या टोकाला ते खेडं. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं नांदतात. आठच्या सुमारास पुंजाजी नावाच्या म्हाताऱ्याची बैलगाडी खाटा घेऊन आली.

"पाचच देल्या त्याईनं, साहेब," पुंजाजी म्हणाला, आणि खाटा आत नेऊन ठेवायला लागला.

दवाखान्याची आया सोजराबाई कंदील धरून उभी होती. म्हातारा बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "त्याची सून बनाबाई इथंच गेली, साहेब. भादव्यात. बाळंतपणाले आणली होती. खोलीत पाणी शिरलेलं, अन् निजवाले खाट नोती. ओल्या फरशीवर पोतं टाकून निजवली मी तिले, त्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिशी तापात गेली."

शेषरावनं काचकागद काढला आणि घासायला बसला. सहाव्या खाटेचं काय सांगायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. लाज वाटते मला हे सांगताना, पण खरं तेच आहे.

सोजराबाई ओसरीवर निजली. पुंजाजी गाडीखाली. एक, दोन, तीन, चार. पाचवा नंबर टाकून शेषराव उठला तेव्हा हातावरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं कंदील उचलला आणि वळला.

कोपऱ्यात सहावी खाट होती.

त्याला आधी आनंदच झाला. पुंजाजीनं कुठून तरी पैदा केली वाटतं! खाटेवर कोणी बाई निजली होती, डोक्यावरून लुगडं ओढून. असेल एखादी पेशंट. तो उशाशी गुडघ्यावर बसला.

"बाई, जरा सरका. नंबर टाकायचा आहे."

ती हलली नाही.

"कोणाची खाट हो, साहेब?" आवाज बारीक होता. थकलेला.

"दवाखान्याची."

"कधी आली?"

आता बघा, सवय कशी असते. शेषरावच्या तोंडून निघून गेलं, "मार्चात."

कंदिलाची वात फडफडली... कुठे तरी पाणी टपकत होतं. डिसेंबरात. शेषरावचे गुडघे ओले झाले. त्यानं खाली पाहिलं... मग वर पाहिलं.

लुगडं हललं नाही. आतून आवाज आला.

"मंग मी फरशीवर काऊन?"

...

ब्रश पडला. कंदील विझला. तो ओसरी ओलांडून कसा पळाला, त्याला आठवत नव्हतं. सकाळी सोजराबाईला तो गाडीच्या चाकाला मिठी मारून बसलेला सापडला.

दहाला अधिकारी आले. शेषरावनं मनाशी ठरवलं होतं, आता खरं सांगून टाकायचं, नोकरी गेली तर गेली. पण झालं काय, साहेब खोलीत गेलेच नाहीत. ओसरीवर खुर्ची टाकली, चहा घेतला, वही उघडली.

"सहा खाटा. आहेत ना?"

पुंजाजी बैलांना वैरण टाकत होता. त्याचा हात थांबला. सोजराबाई दारात उभी होती. शेषरावनं दोघांकडे पाहिलं.

"आहेत, साहेब."

'सहा, बरोबर.' सही. जीप गेली. नोकरी वाचली रे त्याची! पुढे हेडक्लार्कही झाला. मला हे त्यानं रिटायर झाल्यावर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुपारी पुंजाजी उसन्या खाटा परत भरायला लागला. पाच नेल्या. मग बराच वेळ बाहेर येईना, म्हणून शेषराव दारापर्यंत गेला. म्हातारा त्या रिकाम्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तिथल्या शहाबादी फरशीत चार गोल खळगे पडले होते, बोटाचं पेर बुडेल एवढे खोल. दगड कुठं फुटला नव्हता, नुसता दबला होता.

पुंजाजीनं एका खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत हातानं मापलं. लांबी चार हात, रुंदी दोन.