रुमालाखालचा नकार

माणसांच्या डोक्यात मसुराएवढे संगणक बसू लागले, तरी सांगलीच्या हळद बाजारात सौदे रुमालाखालीच होत. समोरच्याचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. पटला नाही तर त्याने हात काढून घ्यायचा, ही रीत काही सुटली नाही. अक्काताई मगदूम यांची याच बाजारात अडत, म्हणजे दलालीची पेढी, होती. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूत ‘वाचासाथी’ बसवला. मनातला विचार पकडून त्याची वाक्यं जुळवणारा हा छोटा संगणक.

आता तो जुना झाला होता आणि त्याला व्हायरस लागला होता. अक्कांनीच तो ओढवून घेतला म्हणा ना. वाचासाथी चार्ज करायला सेवा केंद्रात जायचा कंटाळा, म्हणून त्या बाजारातल्या मोबाइलवाल्याच्या चार्जरला कान लावून बसल्या. तेव्हापासून त्यांची जीभ सुटली. हळद ओली करून वजन वाढवणाऱ्याला त्यांनी चारचौघांत चोर म्हटलं. थोरल्या मुलाने अडत आपल्या नावावर करून मागितली, तेव्हा त्या सरळ ‘न्हाई’ म्हणाल्या. आईच्या तोंडून हा शब्द त्याने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. त्यानेच केंद्राकडे तक्रार केली.

नियमाप्रमाणे व्हायरस लागलेला वाचासाथी कोरा करून त्यात मूळ प्रणाली नव्याने भरायची होती. केंद्रातल्या डॉ. तन्वी शिराळकरने सगळी तयारी केली, पण अक्का खुर्चीत बसायचं नाव घेईनात.

तन्वीने शांतपणे समजावलं. मूळ प्रणालीत ‘सौम्यक’ नावाचा एक थर असतो. विचार शब्दांत उतरताना त्यातले काटे काढायचे, भांडण टळेल असं वाक्य बनवायचं, एवढंच त्याचं काम. व्हायरसने नेमका तोच थर खाल्ला होता.

“म्हंजे पंधरा वर्सं ग्वाड बोलत हुते, ती मी न्हवंच?” अक्कांनी विचारलं.

“आणि आता नाही म्हणताय, त्या तरी तुम्हीच कशावरून? व्हायरसला तिथे टिकायचं असतं. तोच तुमच्या तोंडून बोलत असेल.”

सौम्यक परत आला की आपण ‘बरं बाळा’ म्हणत अडत मुलाला देऊन बसणार, हे अक्कांना ठाऊक होतं. पण एवढ्या उशिरा गवसलेला आवाज परक्याचाच निघाला तर? त्यांना भीती वाटली. मग त्या भीतीचाच राग आला. त्यांनी कमरेचा हळदीने पिवळा पडलेला रुमाल काढून टेबलावर टाकला.

“यंत्र बंद कर, मग इच्यार. माझ्या हातात कुणी संगणक बसिवलेला न्हाई.”

तन्वीला कल्पना पटली. पक्षाघाताने अक्कांच्या मेंदूतला शब्द जुळवणारा भाग तेवढा गेला होता. यंत्र बंद केलं तरी ऐकलेलं त्यांना कळणार होतं. तिने रुमालाखाली त्यांचा हात धरला, दुसऱ्या हाताने कळ दाबली आणि विचारलं, “मूळ प्रणाली भरू?”

अक्कांनी हात असा हिसकला की रुमाल खाली पडला.

यंत्र पुन्हा सुरू करताना तन्वीला मनापासून आनंद झाला. नकार अक्कांचाच होता. तसं कळवायला तिने वरिष्ठांना फोन लावला. असले नखरे ऐकत बसू नका, काम उरका, असं त्यांनी सुनावलं. हे मी करणार नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

“हो सर, लगेच करते,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती स्वतःच्याच ओठांवर बोटं टेकवून उभी राहिली. अक्कांचं आयुष्य गिऱ्हाइकाच्या मनातला भाव ओळखण्यात गेलं होतं. त्यांनी वाकून रुमाल उचलला आणि पुन्हा पसरला.

“हात दे, बाळ. तुला ह्ये करायचं हाय?”

“हो, करायलाच हवं ना,” तन्वी हसून म्हणाली. पण रुमालाखालचा तिचा हात केव्हाच बाहेर आला होता.

दोघी त्या हाताकडे बघत राहिल्या.

“तुला कितवीत बसिवला गं?”

“पहिलीत. आमच्या सगळ्या वर्गालाच. खूप छान आहे तो.” तिचे डोळे भरून आले होते.

अक्कांनी रुमाल तिच्या खांद्यावर टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

“बसा ना अक्का, आपण सुरुवात करू,” तन्वीचं तोंड गोड आवाजात म्हणत होतं आणि तिचे हात दाराची कडी काढत होते.