तीस मोजेपर्यंत

लिफ्ट बंद होती, म्हणूनच ती दोघं भेटली. ती डबा घेऊन चौथ्या मजल्यावरून खाली निघाली होती, आणि तो धापा टाकत वर येत होता. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कॉम्प्युटर, आणि हातात कागद.

"मॅडम… ते रिग्रेशन का काय म्हणतात, त्याची नोंद कुठे घेतात?"

ती थबकली. तीन वर्षांत जिन्यात कुणी तिला हे विचारलं नव्हतं. तिच्याकडे तक्रारी यायच्या त्या ईमेलने, आणि त्या लिहिणाऱ्यांचे चेहरे तिने कधी पाहिलेले नसायचे.

"वेबसाइटवर फॉर्म आहे ना."

"भरलाय की." त्याने कागद पुढे केले. एकवीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे बारीक, सरळ अक्षरात उत्तर. "अठराव्या प्रश्नावर तुमची वेबसाइट अडकून बसते. म्हटलं, हातानेच न्यावा."

अठरावा प्रश्न होता — 'ही वस्तू यापूर्वी चालत होती का?' त्याने लिहिलं होतं, 'नऊ वर्षं. एक दिवसही न थांबता.'

त्या एका ओळीने तिला भूक विसरायला लावली.

तिचं काम काय, ते आधी सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पोटात, पडद्यावर कधीही न दिसणारा, एक मोठा प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नल म्हणतात. माऊस असो की प्रिंटर, प्रत्येक वस्तूशी कसं बोलायचं हे त्याला शिकवणारे छोटे तुकडे म्हणजे ड्रायव्हर. हजारो माणसं यात सतत सुधारणा करत असतात. पण नवं कपाट आत घेताना जुन्या दाराचं बिजागर निखळावं, तसं एखाद्या नव्या सुधारणेने जुनं, नीट चालणारं काहीतरी बंद पडतं. ते रिग्रेशन. त्याबद्दल नियम एकच होता: काल जे चालत होतं, ते आज चाललंच पाहिजे. नाहीतर ती सुधारणा, कितीही चांगली असली तरी, मागे घ्यायची.

अशा बिघाडांची यादी ठेवणं हे तिचं काम. कुणाच्या बदलाने काय मोडलं, सगळं तिच्याकडे लिहिलेलं. म्हणून ऑफिसात तिला सगळे चित्रगुप्त म्हणायचे. तोंडावर हसत, आणि पाठीमागे जरा घाबरत.

"वस्तू कोणती?" तिने विचारलं.

"एक पेटी आहे. एवढीशी." त्याने तळहात दाखवला. "ताईची. माझी मोठी बहीण. आजारानंतर तिचा फक्त उजवा गाल हलतो. गालाशी एक बटण लावलंय. पडद्यावर अक्षरं सरकतात, हवं ते आलं की ती गाल दाबते. पेटी ते कॉम्प्युटरला सांगते." तो थांबला. "नवी आवृत्ती आधी चाचणीला देतात ना, ती घातली आणि पेटी गप्प झाली. म्हणजे… ताई गप्प झाली. आज आठवा दिवस."

तिने पेनड्राइव्हवर जुनी आवृत्ती भरून दिली. "यावर चालली, तर दोष आमचा. मग मी सोडणार नाही कुणाला."

"आणि नाही चालली तर?"

"तर पेटीच गेली म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चार जिने चढून आला. काही विचारायची गरजच नव्हती.

"नाही चालली," तो म्हणाला.

नियमाप्रमाणे यादीतली पेटीची ओळ खोडायला हवी होती. तिने सावकाश समजावलं — जुन्यावरही चालत नाही, म्हणजे बिघाड आमच्या बदलामुळे नाही. पेटी बनवणाऱ्यांना विचारा.

"त्यांची कंपनी बंद होऊन चार वर्षं झाली." मग तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी घड्याळं दुरुस्त करतो. पेटी उघडून पाहिलीय मी. मेलेली वस्तू हातात घेतली की कळते मला. ही मेलेली नाही. ही… झोपलीय."

तो गेला. तिने ती ओळ खोडण्यासाठी बोट ठेवलं, आणि तसंच उचललं. रविवारी नवी आवृत्ती सगळीकडे जाणार होती. आज मंगळवार होता.

गुरुवारी दुपारी ती त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"तुम्ही?" त्याच्या डोळ्याला लावलेलं भिंग घरंगळून टेबलावर पडलं.

"पेटी बघायला आले." आणि मग, उगीचच, "मोठी माणसं भिंग पाडत नाहीत."

"मोठी माणसं न सांगता दुकानात येत नाहीत," तो म्हणाला. दोघंही हसली, आणि हसण्याची ही वेळ नाही हे आठवून लगेच गप्प झाली.

दुकानामागेच घर होतं. खिडकीजवळच्या पलंगावर ताई होती. डोळे मात्र असे, की जणू आताच कुणाची तरी फिरकी घेऊन बसलेत. पडदा बंद असल्याने तो तिला अक्षरांचा तक्ता वाचून दाखवायचा आणि हवं ते आलं की ती गाल हलवायची. एका शब्दाला पाच-सात मिनिटं. ताई लवकर दमायची. म्हणून बहुतेक वेळा तोच विचारायचा — पाणी? उशी? ऊन येतंय? आणि ताई हो किंवा नाही.

कॉम्प्युटर तिने स्वतः बंद करून चालू केला. पेटी ढिम्म. तिने पेटीची वायर बोटाने चाचपत नेली, आणि ती थेट भिंतीतल्या प्लगपाशी पोचली.

"हिला वेगळी वीज आहे?"

"हो. पहिल्यापासून."

"जुनी आवृत्ती घातलीत तेव्हा हा प्लग काढला होता?"

"छे! ताईचा आवाज आहे तो. नऊ वर्षांत कधीच काढला नाही."

तिने कपाळावर हात मारला. एकवीस प्रश्न तिनेच तयार केले होते, आणि हा बाविसावा तिला सुचलाच नव्हता. कॉम्प्युटर शंभर वेळा बंद केला तरी पेटीची वीज चालूच! एकदा झोपलेली पेटी जुन्या आवृत्तीपुढेही झोपलेलीच राहणार. दोष पेटीचा नव्हता. आवृत्ती बदलून पाहण्याची तिची पद्धतच अर्धी होती.

"काढा प्लग," ती म्हणाली. "तीस मोजा. आतली उरलीसुरली वीज उतरू दे."

तो मोजू लागला. एक… दोन… तिचे तीस झाले तेव्हा तो एकोणिसावर होता.

"फार सावकाश मोजता हो तुम्ही!"

"घड्याळवाल्याचा सेकंद आहे, मॅडम. घाईचा नाही."

जुनी आवृत्ती सुरू झाली. पडद्यावर अक्षरं सरकू लागली. ताईचा गाल हलला — आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं. मग दुसरं. दोघंही श्वास रोखून बघत राहिली.

'डावी टाच दुखते. अकरा दिवस.'

त्याने पांघरूण बाजूला केलं. टाचेखाली चादरीची घडी रुतून कातडी लाल झाली होती. त्याने पाणी विचारलं होतं, उशी विचारली होती, ऊन, वारा, पंखा… टाच विचारायची राहिली होती. तो पलंगाच्या कडेला बसला आणि टाच दोन्ही हातांत धरून त्याने मान खाली घातली. तिने खिडकीबाहेर पाहिलं. एखाद्याला रडायला जागा द्यायची, तर एवढंच करता येतं.

मग नवी आवृत्ती. आधी चालली. ताई विचार करायला क्षणभर थांबली, आणि पेटी गप्प झाली ती झालीच.

थांबलं की झोपते. उठत नाही. तिने ते वहीत लिहिलं, आणि लिहिलेल्यावरून दोनदा बोट फिरवलं.

आता शोधायचं होतं, की जुन्या आणि नव्या आवृत्तीमधल्या आठेक हजार बदलांपैकी नेमका कोणता बदल दोषी. लांबलचक पाइपात पाणी कुठे अडलंय हे बघायला शहाणा माणूस मधोमध तोंड उघडतो. तिथे पाणी आलं तर अडथळा पुढे, नाही आलं तर मागे. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. असं करत गेलं की आठ हजारांसाठी तेरा वेळा बघणं पुरतं.

तेरा चाचण्या, तीन दुपारी. दर वेळी प्लग काढायचा, तीस मोजायचे, सुरू करायचं, ताईने गाल दाबायचा, थांबायचं, पुन्हा दाबायचा. दुसऱ्या दुपारपर्यंत त्या दोघांचे तीस जवळजवळ एकाच वेळी पूर्ण होऊ लागले. तिचा आकडा त्याच्या सेकंदाला येऊन मिळाला, की त्याचा तिच्या — कुणास ठाऊक. एकदा मोजता मोजता दोघांची नजर एकमेकांत अडकली, आणि आकडा कुठवर आला होता तेच कुणाला आठवेना.

पेटी सुरू झाल्यावर ताईने सावकाश लिहिलं, 'साठ मोजत जा. मला घाई नाही.'

तो कानापर्यंत लाल झाला. "ताई, तू गप्प होतीस तेच बरं होतं!"

ताईचा उजवा गाल हसला.

शनिवारी दुपारी तेरावी चाचणी झाली. पडद्यावर दोषी बदलाचं शीर्षक आलं — 'रिकामी वस्तू लवकर झोपवून वीज वाचवणे' — आणि खाली तो करणाऱ्याचं नाव.

त्याने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "हे… तुमचं?"

"माझं."

यादी ठेवता ठेवता दोन वर्षं खपून केलेला तिचा पहिला आणि एकुलता एक बदल. त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं जास्त चालायची. तिच्या वडिलांनी ती बातमी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितली होती. तो टिकला, तर तिला यादी सोडून स्वतः ड्रायव्हर लिहायचं काम मिळणार होतं.

त्याने खिशातलं भिंग काढून पुसलं. मग म्हणाला, "जुनी आवृत्ती चालतेय की. आमचं काम झालं. ठेवा झाकून. मी कुणाला सांगायला जातोय?"

"तुम्ही चार जिने चढून आलात," ती म्हणाली. "जे येऊ शकत नाहीत त्यांचं काय? कुठेतरी आणखी कुणाची तरी टाच दुखत असेल."

तिने तिथूनच गुरुजींना फोन लावला. या विभागातले सगळ्यात जुने, शेवटचा शब्द त्यांचा. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोरी, त्या एका पेटीपुरती सूट घालू. बदल राहू दे तुझा."

"ही एक कळली, गुरुजी. न कळलेल्या किती असतील? मागे घ्या. मी नव्याने, नीट लिहीन."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

"चित्रगुप्ताने स्वतःचीच ओळ लिहिली म्हणायची," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला वाटला.

बदल मागे घेताना खाली नावं लिहायची पद्धत होती, आणि ती कधी पुसली जात नसत. 'कळवणारा' पुढे तिने घड्याळवाल्याचं नाव लिहिलं. 'चूक कुणाची' पुढे स्वतःचं. 'तपासणारी' पाशी थांबून तिने कीबोर्ड बाजूला सारला.

"ताई, हे तुम्ही लिहा."

एकेक अक्षर जोडत ताईने आपलं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. नऊ मिनिटं लागली. ताईने नऊ वर्षांत पाणी मागितलं होतं, थट्टा केली होती, भांडणही केलं होतं, पण स्वतःचं नाव लिहायची वेळ तिच्यावर कुणी आणली नव्हती.

त्याने ती तीन नावं, एकाखाली एक, पाहिली. मग ताईच्या टाचेखालची चादर सरळ केली.

रविवारी नवी आवृत्ती त्या बदलाशिवाय गेली.

सोमवारी ती पुन्हा यादीपुढे बसली. चित्रगुप्त अशी हाक त्या दिवशी कुणी मारली नाही. दुपारी जिन्यात पावलं वाजली. तो दारात उभा होता. हातात पिशवी नाही, कागद नाही.

तिचा चेहरा उतरला. "काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मग?"

"तुमच्याकडे लोक काहीतरी मोडलं की येतात. माझ्याकडेही तसंच." तो दाराच्या चौकटीशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "चालू घड्याळ दाखवायला कधी कुणी येत नाही. म्हटलं… सगळं नीट चाललंय, हे सांगायला एकदा तरी कुणी यावं. आणि… जमलं तर रोज यावं."

तिने यादी बंद केली, डबा उचलला, परत ठेवला.

"बाहेर थांबा," ती म्हणाली. "तीस मोजा. येते."

तो जिन्यापाशी उभा राहून मोजू लागला, घड्याळवाल्याच्या सावकाश चालीने. सतरावर ती त्याच्या शेजारी होती.

लिफ्ट अजून बंदच होती. उरलेले तेरा आकडे त्यांनी पायऱ्या उतरता उतरता, बरोबरच मोजले.