निंबावरचं लाल फडकं

सोजरनं त्या मोटारवाल्याला पहिल्यांदा पाहिलं, ते भांडतानाच.

अंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती दीड कोस चालत फाट्यावर आली होती. नातेपुत्याची सर्व्हिस मोटार उभी होती आणि डायव्हर मानसिंग खुशाल शेंगा फोडत बसला होता.

"कवा सुटणार?"

"शिटं भरली की."

"भरणार कवा?"

"माणसं आली की."

"आन् मोटार कवा सुटंल त्ये ठावं नसल्यावर माणसं येणार कशाला? उनात वाळायला?"

मानसिंगच्या हातातली शेंग हातातच राहिली. तो आपल्याकडं बघतोय हे सोजरला कळलं... तिनं पाटी उगाचच सारखी केली.

नवरा तापानं गेल्यापासून चार वर्षं ती वस्तीवर बापाकडं, म्हणजे आप्पांकडं राहत होती. माळावर विखुरलेली अकरा घरं. तेवढ्यासाठी मोटार आत कोण घालणार? म्हातारीकोतारी बाजारच विसरली होती.

पुढच्या बाजाराला तिनंच तोड काढली. "वाट वळशाची हाय, पर आमच्या टेकाडावरला निंब फाट्यावरनं समोरच दिसतो. मोटारीला माणसं असली की मी त्येच्यावर लाल फडकं बांधीन. दिसलं तर वळा, न्हायतर सरळ जावा. तुमचा हेलपाटा वाचंल, आमचे पाय."

मोटारीचे मालक खाजाभाई दाढी खाजवत म्हणाले, "बरं. पर एकदा जरी मोटार रिकामी फिरली, तर वस्ती बंद!"

पण मोटार रिकामी फिरलीच नाही. शेजारची बजाबाई सहा वर्षांनी बाजाराला गेली आणि लालभडक लुगडं घेऊन आली.

पुढची शिट मात्र सोजरसाठीच मोकळी असायची.

"ही का ठिवलीया?"

"फडकं बांधणाऱ्याला पुढं बसवायचं. सरकारी नियम हाय."

"कुठलं सरकार म्हनं?"

"ह्ये काय — चाकापाशी बसलंय की."

सोजर पदर तोंडाला लावून हसायची, आणि मग आठ दिवस तेवढंच आठवत राहायची. मोटार वस्तीकडं वळायची थांबली तर म्हाताऱ्यांचे हाल होणार होते, हे खरं. पण मानसिंगही दिसायचा नाही, हे जास्त खरं होतं.

एके दिवशी ती अंगण सारवत असताना भोंगा वाजला. आज बाजार नव्हता, फडकं बांधलं नव्हतं... तिनं निंबाकडं पाहिलं. बजाबाईनं नवं लुगडं धुऊन निंबावर वाळत घातलं होतं!

मोटार आली. मानसिंगशेजारी खुद्द खाजाभाई.

"कोण हाय शिट?"

बजाबाईनं जीभ चावली.

"म्हंजे कुणीच न्हाय. मानसिंग, फिरव मोटार. उद्यापास्नं हिकडं वळायचं न्हाय."

"मी हाय की!" शेणानं भरलेले हात तसेच घेऊन सोजर धावली.

"काम काय काडलंस?"

"हाय... हाय काम!"

खाजाभाईंनी एकदा तिच्या हातांकडं, एकदा मानसिंगकडं पाहिलं, आणि ते मागं जाऊन बसले.

ओढा ओलांडल्यावर सोजर हळू आवाजात कडाडली, "फडकं हातभर, लुगडं नऊ वार. येवढं कळंना तुमास्नी?"

"कळलं की."

"मग वळलात कशाला? मालक शेजारी आस्ताना!"

"बाजार अजून चार दिस लांब हुता." मानसिंगनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला दम निघंना."

"आन् मी आले नसते तर?"

"नोकरी गेली असती. मग पायी आलो असतो... तुला बघाया."

सोजरला राग आला. अकरा घरांची मोटार या बाबानं पणाला लावली होती! आणि त्याच रागात तिला पक्कं कळलं, की आपला जीव या येड्यावरच जडलाय.

"माज्याशी पाट लावायचं आप्पास्नी इचारा," ती म्हणाली. "आजच. पर पायी या. मोटार वस्तीची हाय, तुमची न्हाय."

"व्हय," मानसिंग म्हणाला. आणि मोकळ्या रस्त्यावर त्यानं उगाचच भोंगा वाजवला.

दुपारच्या मोटारीनं सोजर घरी परतली. संध्याकाळी शेवटची खेप संपवून मानसिंगनं मोटार फाट्यावरच उभी केली आणि तो दीड कोस चालत निघाला. आता वस्तीकडं कुठलीच मोटार वळणार नव्हती. तरी निंबावर लाल फडकं बांधलेलं होतं — हातभर.