माझी कुऱ्हाड, त्याचं मशीन

"ओंडका काहून फिरवता?"

मागून प्रश्न आला आणि माझी उगारलेली कुऱ्हाड तशीच थांबली.

वळून पाहिलं, तर एक उंच, सडपातळ तरुण. हात धुवायला नळ शोधत आमच्या खानावळीतून थेट मागच्या अंगणात आलेला. बोटांना अजून वरण लागलेलं.

"नळ तिकडं आहे," मी म्हणाले.

"पाहिला. पण घाव घालायच्या आधी तुम्ही ओंडका दोनदा फिरवला. काहून?"

एकोणऐंशी सालची ती थंडी. इमामवाडा वस्तीत आई, म्हणजे अंजनाबाई, खानावळ चालवायची आणि चुलीची लाकडं मी फोडायचे. 'पोरगी आहे का पहिलवान!' म्हणणारे बघे पुष्कळ भेटले होते. प्रश्न विचारणारा हा पहिलाच. आणि गंमत म्हणजे, मलाही क्षणभर विचार करावा लागला!

"ही बारीक चीर दिसते? वाळताना लाकूड आपोआप तडकते. त्या रेघेवर घाव बसला, तर..."

कुऱ्हाड उतरली. दोन फाका दोन बाजूंना पडल्या.

"अच्छा!" तो म्हणाला, आणि हात न धुताच निघून गेला. मी दिवसभर हसत होते.

रविंद्र त्याचं नाव. एका वर्कशॉपमध्ये फिटर. मग रोज जेवायला यायचा आणि रोज एक प्रश्न आणायचा. ओलं लाकूड सोपं की वाळलेलं? घाव घालताना श्वास काहून रोखता? ...म्हणजे याचं माझ्या श्वासाकडेही लक्ष होतं तर!

"तुम्ही जेवायले येता का परीक्षा घ्यायले?" मी एकदा विचारलंच.

"जेवण तर निमित्त—" तो अडखळला. "म्हणजे... वरण लय चांगलं राहते."

एके दिवशी त्यानं आईला सांगितलं, ट्रकच्या जुन्या जॅकपासून तो लाकूड फोडायचं मशीन बनवतोय. हायड्रॉलिक. तेलाच्या जोरावर चालणारं. आईचे डोळे चमकले. कारण होतं माझे हात. आदल्या वर्षी एका कारकुनाची आई मला पाहायला आली होती. तिनं माझा तळवा हातात घेतला, घट्टे चाचपले आणि पोहे अर्धे टाकून उठली. आता पुढच्या महिन्यात कामठीचे पाहुणे येणार होते. आई रोज माझ्या हातांना लोणी चोळायची.

"लवकर आण गा मशीन," आई त्याला म्हणाली. "हिच्या हातातली कुऱ्हाड सुटू दे."

मला ते फार लागलं. ते काम मला आवडायचं, माझं होतं. आणि ते हिरावून घ्यायला यावं कोणी, तर यानंच? चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

रविवारी सकाळी धुक्यातून हातगाडी आली.

"जयभीम, मावशी!" म्हणत त्यानं मशीन उतरवलं. लोखंडी गर्डर, त्यावर जॅक, समोर पाचर. मी पदर खोचला. लागली शर्यत! त्याचे दोन ओंडके होईपर्यंत माझे सहा झाले. मी ऐटीत घाम पुसला.

कोपऱ्यात दोन वर्षं पडलेला चिंचेचा ओंडका त्यानं उचलला. नुसत्या गाठीच गाठी. माझी कुऱ्हाड त्यात तीनदा अडकली होती. त्यानं एकट्यानं तो मशीनवर चढवला आणि हँडल मारू लागला. खट... खट... बराच वेळ काहीच नाही. मग चर्र करत, आतले धागे ताणत, ओंडका उघडला.

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मले द्या ना हँडल!"

मी हँडल मारलं. एवढ्याशा जोरानं एवढं लाकूड हलत होतं! मी खुळ्यासारखी हसत होते आणि तो लाकडाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"बस, ठरलं," आई म्हणाली. "कामठीचे पाहुणे येईपर्यंत हिचे हात नरम होतीन."

"नरम? काहून?" रविंद्रनं विचारलं. आईनं सगळं सांगून टाकलं, पोह्यांसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हँडलवरच्या माझ्या हातांकडे बघत राहिला.

"ओंडका कुठं उघडते, हे मले या हातांनीच शिकवलं," तो हळूच म्हणाला. "पाचर त्या चिरेवरच बसावी अशी घासली मी. नरम झाले, तर... मले नाही आवडणार."

त्याचे कान लाल झाले होते. हा माणूस मला हवा होता. आत्ता बोलले नसते, तर कामठीला गेले असते.

"आई, मशीन इथंच राहू दे," मी म्हणाले. "पाहुण्यांले नाही म्हण."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"राहू दे तर राहू दे. पण चालवीन कोण?"

"दोन माणसं लागतेत, मावशी," रविंद्र घाईघाईनं म्हणाला. "एक हँडलवर, एक ओंडक्यापाशी."

"आत्ता तर तू एकटाच चालवून राहिला होता गा!"

"आत्तापर्यंत चाललं, मावशी..." तो माझ्याकडे बघत म्हणाला. "आता एकट्यानं नाही जमत."