भिंतीतलं टोक

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. विश्वास ठेवा, नका ठेवू. मला अजून भीतीपेक्षा रागच जास्त येतो.

मंगळवार होता. भर दुपार. जुनी दुमजली इमारत. खाली गोदाम, वर शिवणाचा कारखाना. वर बावीस बायका मशीनवर बसायच्या.

त्यातली एक माझी वहिनी.

जुन्या लाकडी तुळया अजून किती भार पेलतील, हे तपासणं माझं काम. मधोमध हातोडी मारली. खण्ण! इमारतीचा मालक खूश.

पण तुळई कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाला. तिथे ओल मुरते आणि बाहेरून काही दिसत नाही.

मी भिंतीलगत ड्रिल लावलं. चिखलात जावं तसं आत गेलं. भुसा ओला, काळा.

सातपैकी पाच तुळया तशाच.

"अहो, ऐंशी वर्षं उभी आहे," मालक हसला. "तुम्ही आलात म्हणून पडणार का?"

"वरच्या बायकांना आजच उतरवा."

त्याने माझा अहवाल घडी घालून खिशात टाकला. आठवड्याभरात दुसऱ्याकडून 'सुरक्षित' असा दाखला आणला. त्या महाशयांनी टोकांना हातसुद्धा लावला नव्हता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पालिकेच्या कचेरीत तक्रार केली, तर "बघतो" म्हणाले.

"वहिनी, जाऊ नका तिथे."

"मी एकटीनं घरी बसून काय होणार, भाऊजी? बाकीच्या एकवीस जणींचं काय?"

चार दिवसांनी त्यांनीच विचारलं, "तुम्ही आज गोदामात आला होता का?"

"नाही. का?"

"जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतात ना... खालून ठोकल्याचा आवाज येत होता. भिंतीच्या कडेनं. एका तुळईला... मग पुढच्या..."

गोदामाला तर कुलूप होतं.

मग रोज आवाज यायला लागला. रोज आधीपेक्षा जोरात. कुणीतरी चिडून ठोकावं तसा...

शुक्रवारी मशीन चालू असतानाही ऐकू आला. पायाखालच्या फळ्या हादरल्या.

"कोण मेलं ठोकतंय?" म्हणत बावीसच्या बावीस जणी भांडायला बाहेरचा जिना उतरल्या.

कुलूप तसंच होतं.

ठोके थांबले...

आणि वरचा मजला खाली कोसळला.

मी पोहोचलो तेव्हा मालक सगळ्यांना सांगत होता, "नशीब बघा, कुणाला खरचटलंसुद्धा नाही!" मी त्याची कॉलरच धरली. दोघांनी मला ओढून बाजूला केलं.

मग ढिगाऱ्यातली एक तुळई दिसली. भिंतीत गाडलेलं टोक उघडं पडलं होतं.

त्यावर हातोडीचे गोल खळगे होते. ताजे. वीस-पंचवीस तरी.

ऐंशी वर्षं ते टोक दगडांच्या आत होतं. तिथे बोट शिरायलाही जागा नव्हती.

काल त्याच मालकाचा फोन आला. दुसऱ्या इमारतीच्या तुळया बघायच्यात म्हणे. वर कुटुंबं राहतात. निर्लज्ज माणूस!

मी जाणार आहे. पण तिथे कुणाला ठोके ऐकू येतात का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.