मोठीच्या हातचा घास

खोटं बोलून मला काही मिळणार नाही. उलट यात माझीच लाज निघणार आहे, तरी सांगते. हे माझ्या घरात घडलंय आणि अजून थांबलेलं नाही.

रात्र नव्हती. लाइट गेली नव्हती, कुत्री रडत नव्हती. गुरुवार होता आणि भर दुपारचे बारा वाजले होते.

आमच्या चर्चच्या मागे एक हॉल आहे. तिथल्या स्वयंपाकघरातून रोज बावीस घरी गरम जेवण जातं. म्हातारे, आजारी, एकटे राहणारे. कोण कुठल्या देवाला मानतो ते कुणी विचारत नाही. निम्म्या लोकांनी तर चर्चची पायरीसुद्धा चढलेली नाही. नियम एकच. डबा दारात ठेवून पळायचं नाही. शेजारी बसायचं, पहिला घास आपण भरवायचा, मगच उठायचं.

त्यातली सहा घरं मोठीकडे होती. मोठी म्हणजे माझी थोरली जाऊ. नऊ वर्षांत तिने एक दिवस चुकवला नाही. सहा घरं करून एकच्या ठोक्याला परत यायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आमच्या सासूबाईंना भरवायची.

आता खरं ते सांगते.

मी तिच्यावर जळायचे.

फादर प्रवचनात तिचं कौतुक करायचे आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. सासूबाईंचं तर विचारूच नका. मोठीने काहीही पुढे ठेवलं तरी बोटं चाटायच्या. मी दिवसभर राबून केलं की म्हणायच्या, "बरं आहे." चौदा वर्षं मी "बरं आहे" ऐकलंय. एकदा, फक्त एकदा त्यांनी म्हणावं की धाकटे, छान झालंय गं. एवढंच हवं होतं मला.

चार महिने झाले मोठीला जाऊन. झोपेतच गेली. मी रडले, आणि खोटं नाही रडले. पण रडता रडता मनात आलं की आता माझी पाळी.

दफनानंतरच्या गुरुवारी मी तिचे सहा डबे उचलले. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर त्या फेरीपुढे अजून तिचंच नाव होतं. पुसायचा धीर कुणाला झाला नव्हता.

पहिलं घर एका रिटायर्ड कंडक्टरचं. अर्धं अंग लुळं पडलेलं, कूससुद्धा बदलता येत नाही. मी दार ढकललं. आत...

जेवणाचा वास.

काकांचं तोंड पुसलेलं. ताट धुऊन पालथं घातलेलं. ताटाखाली पाणी अजून ओघळत होतं.

"जेवलो की मी," काका म्हणाले. "मोठ्या बाई आत्ताच गेल्या."

मी हळूच सांगितलं, काका, त्या वारल्या. त्यांनी मान डोलावली.

"मीही तेच म्हणालो त्यांना. तर म्हणाल्या, फळ्यावर नाव आहे तोवर यावंच लागतं."

म्हाताऱ्याला भ्रम झालाय, म्हटलं. पुढचं घर शिंपीण आजीचं. तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिचंही जेवण झालं होतं. मोठी आज काही बोलली नाही, आजी म्हणाली, पण हात तिचाच होता. जरा गार होता इतकंच.

सहाही घरी तेच.

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. छे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई मेली तरी मला कुणाला एक घास भरवू देईना. भरलेले सहा डबे हॉलमध्ये आणून आपटले. ओलं फडकं घेतलं, फळ्यावरचं तिचं नाव घासून पुसलं आणि तिथे माझं लिहिलं. चांगलं ठळक. स्वयंपाक करणाऱ्या मावशी बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळे उपाशीपोटी माझी वाट बघत होते. काकांनी हात जोडले. शिंपीण आजी म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे गं. जेवण मावशींनी केलेलं, पण मी कशाला सांगतेय! तरंगतच घरी आले. बोलण्याच्या नादात दीड वाजला होता.

सासूबाईंचं ताट मी सकाळी दहालाच झाकून ठेवलं होतं. घराला बाहेरून कुलूप. चावी माझ्या पर्समध्ये.

भूक लागली की सासूबाई हाका मारून घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी...

एक हाक नाही.

ताट जसंच्या तसं. अन्न गार, घासभरही कमी नाही. सासूबाईंचे केस विंचरलेले. हनुवटी पुसलेली. आणि तोंडावर ती तृप्ती, जी माझ्या जेवणानंतर मी कधी पाहिली नव्हती.

"जेवले मी," त्या म्हणाल्या. "मोठी आली होती."

मी तशीच उलट्या पावली मावशींकडे धावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिकडून मोकळी केलीस ना तिला तू? मग घरीच येणार."

त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या हातचा घास घेतलेला नाही. नवऱ्याला वाटलं, रुसल्या असतील. महिनाभर मी मिनतवाऱ्या केल्या, शेवटी डॉक्टर बोलावले. सासूबाईंना उचलून वजनकाट्यावर बसवलं. वजन दोन किलो वाढलेलं. डॉक्टर मला म्हणाले, सेवा करावी तर तुमच्यासारखी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

फेरी सोडली. घरीच बसले. पलंगाच्या एका बाजूला खुर्ची, मांडीवर गरम ताट.

एक वाजला. दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. पण पलंगाच्या पलीकडच्या बाजूची गादी...

हळूच दबली.

सासूबाईंनी तिकडे मान वळवली. तोंड उघडलं. मिटलं. चावायला लागल्या.

माझा चमचा हवेतच राहिला. "आई, इकडे बघा ना. गरम आहे. मी केलंय."

"थांब गं धाकटे," त्या न वळताच म्हणाल्या. "तिचं होऊ दे."

थांबले. वीस मिनिटं. तिचं झालं तेव्हा सासूबाईंना झोप लागली होती.

संध्याकाळी नवऱ्याला हाताशी धरून पलंग सरकवला. ती बाजू थेट भिंतीला लावली. मध्ये बोटसुद्धा शिरणार नाही. आता बसून दाखव म्हणावं.

याला तीन महिने होत आले.

मी रोज एक वाजता ताट घेऊन बसते. आणि रोज एक वाजता सासूबाई, ज्यांना दोघांनी धरल्याशिवाय कूस बदलता येत नाही, आपल्या आपण भिंतीकडे वळतात. नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळ जातात...

आणि तोंड उघडतात.

मला त्यांची पाठ दिसते. चावल्याचा आवाज येतो.

काल त्या भिंतीशी काहीतरी पुटपुटल्या. मग तशाच, पाठमोऱ्या, मला म्हणाल्या, "धाकटे, ती विचारतेय, तू जेवलीस का?"

इतक्या महिन्यांत या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. जेवले म्हणून सांगा तिला, म्हटलं, आणि उठून गेले. जेवले नव्हते मी. रात्रीही ताटावरून तशीच उठले.

हे लिहितेय तेव्हा दुपारचे दोन वाजलेत. सकाळपासून मी पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. तरी माझं पोट भरलंय. हनुवटीला हात लावला तर ती कुणीतरी नुकतीच पुसल्यासारखी ओलसर लागतेय. आणि तोंडात चव आहे.

सांगायला जीभ जळते माझी. पण माझ्या जेवणाला अशी चव कधीच आली नाही.