शंभर दिवसांचं पान

माबोन डोंगर चढत होती ती दोन कामांसाठी. बंद पडलेला मोबाईलचा टॉवर सुरू करायचा, आणि तो बंद पाडणाऱ्या बुलेला सोडायचं नाही! तिची बहीण सेलीन बाळंतपणात रक्त जाऊन गेली, तेव्हा दवाखान्याची बोट तासाभराच्या अंतरावर होती. फोन मात्र लागला नाही.

टॉवर बांधताना आपलं बदामाचं झाड तोडलं, म्हणून डोंगरावरच्या बुलेने टॉवरच्या फाटकाला नामेलेचं, म्हणजे मनाईचं पान बांधलं होतं. पेंटेकॉस्ट बेटावर या पानापुढे कुणी पाऊल टाकत नाही. मेकॅनिकही ते पाहून माघारी गेला. आत वेली माजल्या, सौरपट्ट्या झाकल्या गेल्या, टॉवर बंद पडला. पान ओलांडायला कुणी धजलं नाही. माबोनही नाही, आणि तेच तिला जास्त जाळत होतं.

पान बांधणाऱ्यानेच सोडायचं, आणि त्यासाठी त्याला वळलेल्या सुळ्यांचं डुक्कर द्यायचं. तसलं डुक्कर गावात एकट्या ताबीमामाकडे होतं. मामा बुलेपेक्षा मोठा मानकरी, त्याने ठेवलेलं पान बुलेलाही पाळावं लागे. आता तेच डुक्कर दोरीने ओढत तो तिच्यासोबत चढत होता.

"हे डुक्कर तुझ्यापेक्षा बरं चढतंय, मामा."

"त्याला ठाऊक नाही ना, वर काय वाढून ठेवलंय," मामा धापा टाकत म्हणाला. "तो कोयता इकडे आण. बुलेला हात लावलास तर दोन गावं पेटतील."

"मग काय त्याच्या पाया पडू?"

मामाने तिच्या हातातला कोयता काढून आपल्या कमरेला खोचला.

पुढे नदी फुगली होती. मधोमध डुक्कर बिथरलं. दोरीला हिसका बसला. मामा आडवा झाला! माबोनने झेप घेऊन दोरी मनगटाला गुंडाळली. पाण्याने तिला ओढलं, खडक खांद्यावर आदळला.

"सोड दोरी, पोरी! मरशील!"

तिने सोडली नाही. पायाला मूळ लागलं. ती वाकली, रेटली, पुन्हा रेटली. तिघंही काठावर येऊन पडली, तेव्हा तिच्या मनगटाची सालटी निघाली होती.

दुपारी ती फाटकाशी पोचली. बुले तिथेच बसला होता. त्याने डुकराचे सुळे चाचपले, मान डोलावली आणि पान सोडलं. माबोन आत घुसली. सगळ्या वेली तिने ओरबाडून काढल्या. उन्हात बराच वेळ थांबल्यावर हिरवा दिवा लागला.

तिने दवाखान्याचा नंबर फिरवला.

"बोला," पहिल्याच रिंगला नर्स म्हणाली.

माबोनने फोन कापला. सेलीनसाठी एवढंसंच पुरलं असतं.

मागे टिंगटिंग वाजू लागलं. बुलेने प्लास्टिकमधून फोन काढला होता. त्याचा लेक न्यूझीलंडच्या बागांत कामाला. त्याच्या न लागलेल्या कॉलचे निरोप एकामागून एक येऊन पडत होते. बुलेचे डोळे भरले. लेकाला फोन लावायला त्याने बोट पुढे केलं.

"मामा," माबोन म्हणाली, "ते पान याच्या फोनवर ठेव. सेलीनच्या सुतकाइतकं. शंभर दिवस."

मामाने तिच्या सोललेल्या मनगटाकडे पाहिलं, आणि पान फोनवर ठेवलं.

बुलेचा हात तिथल्या तिथे थांबला. जन्मभर त्याने हेच पान लोकांना दाखवलं होतं.

इतक्यात फोन वाजला. लेकच! बुले हलला नाही. पान मामाने ठेवलेलं, मामाच्या माणसांना ते आडवं येत नव्हतं. माबोनने फोन उचलला.

"तुझा बाप धडधाकट आहे," ती म्हणाली. "बोलत का नाही, ते त्यालाच विचार. शंभर दिवसांनी."